कोकणच्या खळ्यात बंगाली सून: दोन प्रांतांतल्या ठरवलेल्या लग्नावर विनोदी नाटक कसे लिहावे

आंतरप्रांतीय लग्नावरचे नाटक म्हटले की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी विरोध उभा राहतो. नवऱ्याचा बाप दारात आडवा, मुलीची आई डोळ्यांना पदर लावून बसलेली, आणि मधल्यामध्ये दोन तरुण जीव. ठरवलेल्या लग्नाच्या विनोदी नाटकाला हा साचा उपयोगाचा नाही, कारण हे लग्न घरच्यांनीच जुळवलेले असते, सुपारी त्यांनीच फोडलेली असते आणि सगळ्यांत जास्त घाई त्यांनाच झालेली असते. मग नाटक पुढे ढकलणारा अडथळा आणायचा कुठून? माझे उत्तर एका शब्दाचे आहे: आग्रह. पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी वाढणारा थांबत नाही, तोच आग्रह मुहूर्तात, मानपानात, हळदीत आणि नव्या सुनेच्या कौतुकात उतरवला की दोन कुटुंबे एकमेकांवर मनापासून प्रेम करताना एकमेकांना पुरती हैराण करू शकतात. त्यात कोणीही खलनायक लागत नाही.

गावच्या देवळासमोर, गणपतीत किंवा मे महिन्यात चाकरमानी घरी आलेले असताना, हौशी मंडळींनी करण्याजोगे सुमारे दोन तासांचे दोन अंकी नाटक डोळ्यांपुढे ठेवून मी हे लिहीत आहे. उदाहरणासाठी सिंधुदुर्गातले एक घर आणि कोलकात्याची मुलगी घेतली आहे. प्रांत तुम्ही दुसरा घेऊ शकता, पण जो घ्याल त्याच्या चालीरीती आपल्या चालीरीतींइतक्याच बारकाईने ठाऊक असल्या पाहिजेत. मला बंगाल जवळचा वाटतो, कारण तिथेही भात, मासे आणि नारळ आहेत, आणि जिथे साम्य दाट असते तिथेच फरक जास्त खुपतो.

स्थळ जुळले कसे

प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर पटले नाही तर पुढचे काहीच पटत नाही. विवाहसंस्थेच्या संकेतस्थळावर नावे जुळली, हे उत्तर खरे असले तरी नाटकाला त्यातून काही मिळत नाही. त्यापेक्षा दोघांचे वडील एकाच बोटीवर वर्षानुवर्षे नोकरीला होते असे करा. कोकणातल्या कितीतरी घरांतला एक माणूस बोटीवर असतोच, आणि एका केबिनमध्ये दिवस काढलेल्या दोन माणसांनी मुलांचे लग्न ठरवणे आपल्याकडे कोणालाही खोटे वाटणार नाही. शिवाय या दोघांची मैत्री वीस वर्षे मोडक्यातोडक्या हिंदीत चाललेली असल्याने, एकमेकांच्या घरात कोणती रीत चालते याची दोघांनाही कल्पना नसते. विहिणी पहिल्यांदा समोरासमोर येतात तेव्हा ते उघडकीस येते.

नवऱ्याच्या घरात एक आजोबा अवश्य ठेवा. चिपळूणला १८८३ साली जन्मलेल्या मामा वरेरकरांनी शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, आणि गावोगावच्या वाचनालयांत त्या पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. या आजोबांचा बंगाल असा वाचनालयातून आलेला आहे. एका खासगी कंपनीत हिशेब तपासणाऱ्या आजच्या मुलीकडून ते शंभर वर्षांपूर्वीच्या सुनांची लाज आणि सोशीकपणा अपेक्षितात. तिला मात्र त्या कादंबऱ्या शाळेत नेमलेल्या होत्या तेवढ्याच आठवतात. या दोघांचा एक सायंकाळचा प्रवेश लिहा. तो विनोदी होईल, आणि आजोबांना पुस्तकांपलीकडचा बंगाल पहिल्यांदा भेटल्याचा आनंदही त्यात येईल.

रीती गोळा करताना जोड्या शोधा

वहीचे पान मधोमध दुमडा. डावीकडे आपली रीत लिहा, उजवीकडे त्यांची. निव्वळ फरकांची यादी करू नका. एकाच भावनेची दोन रूपे कुठे दिसतात ते हुडका, कारण चांगला प्रवेश त्या जागी दडलेला असतो. बंगालच्या बाबतीत माझ्या वहीत ज्या जोड्या जमल्या, त्यांतल्या काही सविस्तर सांगतो.

पहिली जोडी मुहूर्ताची. आपला गुढीपाडवा साडेतीन मुहूर्तांतला, तो चैत्रात येतो; बंगाली घरांत चैत्र महिनाभर लग्न लागत नाही. भाद्रपद, आश्विन, कार्तिक आणि पौष हेही त्यांच्याकडे वर्ज्य. याउलट त्यांच्या श्रावणात लग्ने होतात, आणि आपल्याकडे तेव्हा चातुर्मास आणि वर कोकणचा पाऊस. आपले लग्न दिवसा नाहीतर गोरज मुहूर्तावर, त्यांचे लग्न रात्री. दोन पंचांगे मांडीवर घेऊन बसलेली दोन माणसे एकही दिवस जुळवू शकत नाहीत, हा पहिल्या अंकाचा पहिला मोठा प्रवेश होतो. शेवटी दोघांना चालणारा वैशाख सापडतो, आणि त्याच वेळी हापूस उतरवायचा असल्याने घरातला एकही माणूस मोकळा नसतो. हे सगळे खरे आहे; नाटककाराने पदरचे काही घालावे लागत नाही.

दुसरी जोडी हळदीची, आणि माझ्या मते सगळ्या नाटकात हिच्याइतके भरघोस काही नाही. नवऱ्याला लावलेली उष्टी हळद नवरीकडे पाठवायची, ही रीत आपल्याकडेही आहे आणि त्यांच्याकडेही आहे. फरक एवढाच की त्यांच्या ताटांच्या रांगेत हळदीबरोबर एक मोठा रोहू मासा जातो, आणि पुष्कळदा त्याला नवरीसारखी साडी नेसवलेली असते, नाकात नथ असते. त्यांच्या लेखी मासा हे सुबत्तेचे आणि शुभाचे चिन्ह आहे. आता आपले घर पाहा. नाटकातले कुटुंब कोणत्या समाजाचे आहे हे आधी पक्के करा, कारण कोकणात काही घरांत हळदीला वडे-मटण असते, तर काही घरांत देवक बसल्यावर मासळी उंबरठ्याच्या आत येत नाही. आपल्या नाटकातले घर दुसऱ्या प्रकारचे घ्या. मुलीकडची मंडळी पाणंदीपलीकडच्या शेजारघरात उतरली आहेत, आत्या हळदीची वाटी घेऊन तिथे पोचते, सगळे हसून स्वागत करतात, आणि मुलीचा मामा आत्याच्या खांद्यावरून मागे पाहत राहतो. कुणीतरी मागून येत असावे अशी त्याची समजूत आहे. तो कोणाची वाट पाहतो आहे हे आत्याला कळत नाही, आणि मागून येणारा मासा आहे हे सांगायला त्याला संकोच वाटतो.

या प्रवेशाची सोडवणूक मासळी बाजारातूनच करा. रोहू गोड्या पाण्यातला, आणि आपली बंदरे समुद्राच्या मासळीची. पण बंगाली माणूस ज्याला भेटकी म्हणून जीव लावतो, तोच मासा आपल्याकडे रायगडात जिताडा आणि सिंधुदुर्ग-गोव्याकडे चोणक म्हणून ओळखला जातो. देवक बसलेल्या घराची मर्यादा न मोडता, आजी शेजारणीच्या पडवीवर बसून त्या चोणकाला स्वतःच्या पेटीतले जुने खणाचे कापड नेसवते. मासा निवडणे, त्याचे कल्ले उघडून ताजेपणा पाहणे, हे तिला जन्मभर ठाऊक आहे. त्याला साडी नेसवणे मात्र पहिल्यांदाच. तिचे हात या प्रवेशात सावकाश चालू द्या. संवाद जवळजवळ नकोतच. निऱ्या नीट बसेनात म्हणून ती कापड सोडून पुन्हा नेसवते, एवढे दिसले की पुरे. मामा तो मासा पाहून नुसते ‘भेटकी!’ म्हणतो, आणि प्रेक्षागृहात काय होते ते तुम्हीच पाहाल.

तिसरी जोडी पाहण्याची. आपल्याकडे अंतरपाट धरतात आणि मंगलाष्टके संपेपर्यंत वधूवर एकमेकांना दिसत नाहीत. त्यांच्याकडे वधूला पाटावर बसवून भाऊबंद उचलतात, वराभोवती सात फेरे घालतात, आणि तोवर तिने दोन्ही हातांनी विड्याची पाने चेहऱ्यापुढे धरलेली असतात; ती दूर केली की ‘शुभदृष्टी’. ही दोन्ही दृश्ये एकाच नाटकात दाखवण्याचा मोह होईल, पण एकच निवडा आणि दुसऱ्याचा अंश त्यात मिसळा. अंतरपाट आपला, आणि त्याच्या पलीकडे तिच्या हातात विड्याची पाने. अंतरपाट खाली येतो, सगळे अक्षता टाकतात, आणि तरीही नवऱ्याला ती दिसत नाही. त्याने आणखी क्षणभर थांबायचे आहे. फोनच्या पडद्यावर चार महिने रोज पाहिलेला चेहरा त्याला आता पहिल्यांदा पाहायचा आहे. ठरवलेल्या लग्नातला शृंगार असा असतो: होकार आधी दिलेला असतो आणि ओळख मागून येत असते. माझ्या मते प्रेमविवाहाच्या कथेला ही गोडी साधता येत नाही, म्हणूनच हा विषय मला मोलाचा वाटतो.

आवाजाची एक छोटी जोडी जाता जाता सांगतो. शुभप्रसंगी बंगाली बायका जीभ हलवून उलुध्वनी काढतात आणि शंख फुंकतात. शिमग्याची बोंब ऐकत वाढलेल्या आपल्या गावाला तो आवाज कानी पडताच काय वाटेल हे वेगळे सांगायला नको. मात्र आपल्या बायका शेवटी तो आवाज शिकताना दाखवा, नुसत्या दचकताना नको.

तांदळाची जोडी नाटकाच्या शेवटाकडे ठेवा. निरोप घेताना बंगाली नवरी डोक्यावरून मागे मूठभर तांदूळ टाकते, आई ते पदरात झेलते, आणि आईबापांचे ऋण फेडले असे शब्द रूढीने तिच्या तोंडी येतात. आजच्या पुष्कळ मुली ते शब्द उच्चारायला नकार देतात. आपल्याकडे नवरी सासरच्या उंबरठ्यावरचे तांदळाचे माप उजव्या पायाने लवंडून घरात येते. आपल्या नाटकात या दोन घरांत एक पाणंद आहे, म्हणजे ती तांदूळ मागे टाकते आणि पन्नास पावलांवर पुन्हा तांदळापाशी उभी राहते. तिथे तिला क्षणभर थांबवा. मागे टाकलेले तांदूळ तिच्या केसांत अजून अडकलेले आहेत, आणि सासू माप ओलांडायला सांगण्याआधी ते दाणे वेचून मापात टाकते. या जागी एकही विनोद लिहू नका.

काळरात्र: दुसऱ्या अंकाचा कणा

लग्नानंतर नवरी सासरी पोचली की ती रात्र बंगाली घरांत काळरात्र मानतात. त्या रात्री नवराबायकोने एकमेकांचे तोंडही पाहायचे नसते. लग्नाच्या रात्रीच सर्पदंशाने मेलेल्या लखिंदराची आणि त्याच्या बेहुलेची कथा यामागे सांगतात. आपल्याकडेही सत्यनारायण किंवा कुलदैवताचे दर्शन होईपर्यंत जोडप्याला वेगळे ठेवणारी घरे आहेत, त्यामुळे आजीला हे लगेच पटते, आणि राखण करण्याचे काम ती स्वतःकडे घेते. आता रंगमंचावर एक पडवी, एक माजघर, मधे एक भिंत आणि त्या भिंतीला टेकून माळ ओढणारी आजी एवढे पुरेसे आहे. भिंतीच्या दोन बाजूंना दोघे बसलेले प्रेक्षकाला दिसतात, एकमेकांना दिसत नाहीत. वीज गेलेली असल्याने फोन चार्ज नाहीत. लग्न ठरल्यापासून आज पहिल्यांदा त्यांना पडद्याशिवाय बोलायचे आहे, आणि बोलणे आजीमार्फत व्हायचे आहे. ती निरोप नेते, पण तिच्या पद्धतीने नेते. हा प्रवेश पंधरा मिनिटांचाही होऊ शकतो. त्याला घाई करू नका.

भाषेचे पथ्य

काही वर्षांपूर्वी मी आमच्या वाडीसाठी एक एकांकिका लिहिली होती. तिच्यात दक्षिणेकडची एक परिचारिका होती आणि तिच्या तोंडी मी चुकीच्या लिंगाचे, ओढूनताणून वेडेवाकडे केलेले मराठी घातले होते. लोक खूप हसले. पहिल्या रांगेत बसलेली, आमच्याच गावात बरीच वर्षे बाळंतपणे केलेली एक परप्रांतीय बाई मध्येच उठून शांतपणे घरी गेली. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो तेव्हा तिने मला चहा दिला आणि त्या प्रयोगाचा उल्लेखही केला नाही. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: पाहुण्याच्या चुकीच्या मराठीवर हशा घ्यायचा नाही. दोन भाषा एकमेकींना कशा ऐकतात, यातून तो आला पाहिजे.

बंगालीत ‘आमि’ म्हणजे मी. मालवणीत ‘आमी’ म्हणजे आम्ही. मुलगी ‘आमि’ म्हणून स्वतःपुरते बोलते आणि घरातल्या सगळ्यांना ती आम्हां सर्वांच्या वतीने बोलते आहे असे ऐकू येते. बंगालीत ‘आपनि’ हे समोरच्याला दिलेले मानाचे संबोधन. आपल्या कानाला ते ‘आपण’ वाटते, ज्यात बोलणारा आणि ऐकणारा दोघेही येतात. तिच्याकडे आपनि, तुमि आणि तुइ अशा तीन पायऱ्या आहेत, आपल्याकडे आपण, तुम्ही आणि तू. तिचे ‘तुमि’ जवळिकीचे आहे आणि सासूला ते ‘तुम्ही’ ऐकू येऊन सून किती मर्यादशील आहे असे वाटते. ती नवऱ्याला ‘आपनि’ वरून ‘तुमि’ वर कधी आणते, ती जागा नाटकात नेमकी ठरवून ठेवा. मी ती काळरात्रीच्या प्रवेशात, भिंतीपलीकडून, आजी डुलकी घेत असताना ठेवली. आजीला अर्थात झोप लागलेली नसते. मालवणी संवादही नुसते हेल काढून लिहू नका. ‘आणखी एक वडो घे गो चेडवा, लाजतंस कित्याक?’ अशा साध्या वाक्यात आजी पुरती उभी राहते.

जेवणाचा प्रवेश लिहिताना वाढपाचा क्रम सांभाळा. आपले पान मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांसकट एकदम मांडले जाते. बंगाली जेवण एकामागून एक पदार्थ घेत, बहुधा कडू शुक्तोपासून सुरू होऊन गोडाकडे जाते. मुलीचे वडील पानातला एकच पदार्थ संपवून पुढच्याची वाट पाहतात, आणि वाढणाऱ्याला वाटते की त्यांना तोच आवडला. तो तीन वेळा वाढला जातो.

देव आणि कायदा

सिंधुदुर्गातल्या गावात मोठे काम काढण्याआधी ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाला कळ्या लावतो, गाऱ्हाणे घातले जाते, सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, आणि कळी कोणत्या बाजूची पडते ते पाहतात. हा प्रवेश घ्या, पण पहिल्याच मिनिटाला उजवा कौल देऊन मोकळे होऊ नका आणि डावा कौल देऊन देवाला विरोधकही करू नका. कळी बराच वेळ पडतच नाही, आणि त्या ताणाच्या वेळात दोन्हीकडची माणसे प्रथमच एका बाजूला उभी असतात. गाऱ्हाणे खऱ्या लयीत लिहा. ज्यांच्या घरात गाऱ्हाणे घालण्याचा मान आहे त्यांच्याकडून ते ऐकून घ्या.

कोणाच्या पद्धतीने लागलेले लग्न कायदेशीर, या भांडणावर नाटक उभे करू नका. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या सातव्या कलमाप्रमाणे दोघांपैकी कोणाही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले तरी पुरते, आणि सप्तपदी त्या विधीचा भाग असेल तर सातवे पाऊल पडताच लग्न पूर्ण होते. प्रेक्षकांत एखादा वकील असतोच. धर्म वेगळे घेणार असाल तर विशेष विवाह कायदा, १९५४ लागू होतो. त्यात तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. ते तीस दिवस कथानकाला आयती मुदत पुरवतात, म्हणून त्या वाटेने जाणाऱ्याने प्रत्येक प्रवेशात कितवा दिवस आहे ते ठरवून ठेवावे.

तालमीआधी आणि तालमीत

संहिता लिहून झाली की बंगाली बोलणाऱ्या एखाद्या माणसापुढे ती पूर्ण वाचा. जवळपास कोणी नसेल तर फोनवर वाचा. तो जिथे गप्प होईल तिथे खूण करा आणि त्या जागा पुन्हा लिहा. तिकीट लावणार असाल किंवा स्पर्धेत उतरणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आधीच घ्या. उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालवता येत नाही, तेव्हा पडदा सव्वासातला वर गेला पाहिजे आणि संहिता त्या हिशेबाने कापली पाहिजे. नवऱ्याचा शोलाचा, म्हणजे एका पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्याचा पांढरा मुकुट, ज्याला तिकडे टोपोर म्हणतात, पांढऱ्या जाड कागदाचा करून घ्या आणि त्याखाली मुंडावळ्या बांधून तालमीतच चालून पाहा, कारण दोन्ही एकत्र बांधल्यावर नटाला मान वळवता येत नाही हे ऐन प्रयोगात कळू नये. नवरीच्या हातात हिरवा चुडा आणि त्यातच शंखाची पांढरी व पोवळ्याची लाल बांगडी दिसू द्या. दशावतारात मुरलेले नट हाती असतील तर जेवणाच्या प्रवेशात त्यांना उत्स्फूर्त बोलू द्या, पण अंतरपाट आणि तांदूळ या दोन जागी लिहिलेल्याबाहेर एक शब्दही येऊ देऊ नका.

शेवटच्या प्रवेशात जोडपे कामाच्या गावी निघते. कोकणात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. बंगालीतही निरोप घेताना ‘आशि’, म्हणजे येते, असेच म्हणतात. मुलगी आजीच्या पाया पडून ‘आमि आशि’ म्हणते. आजी तिला जवळ घेऊन आपल्या भाषेत दुरुस्त करते, ‘तसा न्हय गो, आमी येतंव म्हण.’ मुलगी नवऱ्याकडे एकदा पाहते, आजीकडे वळते आणि म्हणते, ‘आमी येतंव.’ पडदा तिथे पाडा.